परदेशी फुलांची वही

बायको गेली तेव्हा तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी सगळे आपापल्या गावाला गेले आन् मी तिची पत्र्याची पेटी उघडली. लुगडी सुनेनं आधीच वाटून दिली होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही, लुगडी माझ्या काय कामाची. पेटीच्या तळाला फुलांची वही होती. ती हातात घेतली आन् तेव्हापासून मला एका जागी बसवेना. जेवायला बसलो की अर्ध्यातून उठायचो. मळ्यात गेलो की घरी यावं वाटायचं, घरी आलो की मळ्यात. शेजारचे म्हणायचे, म्हाताऱ्यानं लई मनाला लावून घेतलं. लावून घेतलंच होतं. पण दुःखानं माणूस पडून राहतो. मला त्या वहीनं पळवलं.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. सांगण्यात मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव तेलंगणात, मुधोळहून बासरला जाताना लागतं. तीन एकर मळा, एक विहीर. वांगे, भेंडी, गवार, चवळी. मी पिकवायचो, ती विकायची. खरं म्हणजे पिकवायचीही तीच, पण ते मला वही वाचल्यावर कळलं, ते पुढं येईल.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मुधोळला एका सरकारी साहेबाचं बिऱ्हाड होतं. साहेबाची बायको उत्तरेकडची. आमची ही दर बाजाराच्या दिवशी आधी तिच्या दारात पाटी उतरवायची, मग बाजारात जायची. दोघींचं काय जमलं माहीत नाही. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला हिंदी यायचं ते भाजीपुरतं. साहेबाची बदली झाली आन् सामान बांधताना त्या बाईनं हिला ही वही दिली. कोरीच होती. त्या बाईलाही कोणीतरी दिली असावी आन् तीत काय लिहावं ते तिला सुचलं नसावं.

वही म्हणजे शाळेची नाही. पुठ्ठा असा जाड की त्यानं विंचू मारता येईल. पाठीला हिरवं कापड. पुठ्ठ्यावर फुलं काढलेली, जुन्या काळच्या परदेशी पुस्तकात असावीत तशी, आन् आतही दर चार-सहा पानांनी एक फूल. देवाच्या फोटोत फूल असतं तसं नाही. सगळं झाड काढलेलं, मुळासकट. बाजूला बोंड उभं चिरून दाखवलेलं, बी वेगळं, पाकळी वेगळी. पानांचा रंग चहा सांडल्यासारखा. चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरात परदेशी नाव.

ती घरी आली, वही मांडीवर घेऊन बसली आन् म्हणाली, "अवो, पाहा ना. ज्यानं हे काढलं त्यानं आधी झाड उपटून पाह्यलं असन."

मी म्हणलं, "येवढं चांगलं झाड उपटलं कायले? येडा असन."

"मुळी पाह्यल्याशिवाय झाड समजते का?"

"भाजीवालीले फुलाची वही! उद्या पाटीत गुलाब घालून हिंड आता."

ती हसली नाही आन् रागावलीही नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की वही घेऊन दारात बसायची आन् लिहायची. चार ओळी, पाच ओळी. मी एकदा विचारलं, "काय लिहून राह्यली?" म्हणाली, "तुमच्या कामाचं नाही." मी परत विचारलं नाही. माणूस बायकोला किती वेळा विचारणार?

तिचं माहेर निर्मलचं. बापाचं किराणाचं दुकान. घरात मराठी, पण घराजवळची शाळा तेलुगू, म्हणून ती सहावीपर्यंत तेलुगूच शिकली. मराठीचं एक अक्षर तिला काढता येत नव्हतं. मला तेलुगूचं एक अक्षर ओळखता येत नव्हतं. आमचं त्यानं काही अडलं नाही. बसची पाटी ती वाचायची, पंचांग मी पाहायचो. कचेरीतून कागद आला की ती, लग्नाची पत्रिका आली की मी.

आता मी ज्यासाठी पळत होतो ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हाताऱ्याला झालं तरी काय.

वही आल्याच्या दुसऱ्या वर्षी हिनं विहिरीजवळचे चार वाफे मागितले. झेंडू लावायचा आन् पाडव्याला बासरला न्यायचा. देवळाबाहेर सणाला फुलं कमी पडतात, हे तिनं पाहून ठेवलं होतं. मी म्हणलं, फुलं कोणी खात नाही. तरी वाफे दिले. तिनं रोपं केली, शेंडे खुडले, एकेका झाडाला मातीची भर दिली. कळ्या धरल्या. तेवढ्यात निर्मलला तिच्या भावाच्या घरी बारसं निघालं आन् ती दहा दिवस गेली. जाताना पाटी डोक्यावर घेतली तरी सांगतच होती, "एका दिवसाआड पाणी द्या. इसरू नका. अवो, ऐकून राह्यले का?"

त्या वर्षी विहीर फाल्गुनातच तळाला गेली. मोटर अर्धा तास चालायची आन् मग नुसती हवा ओढायची. अर्ध्या तासाचं पाणी. एका बाजूला वांगे, एका बाजूला झेंडू. मी पाण्याच्या दंडावर उभा राह्यलो, फावड्यानं माती ओढली आन् फुलांकडं जाणारं पाणी बंद केलं. एकदा बंद केलं ते दहा दिवस उघडलं नाही. वांग्यावर घर चालत होतं. त्यात मला अजूनही चूक वाटत नाही.

चूक मी पुढं केली. ती आली, हातातली पिशवी खाली न ठेवता सरळ वाफ्यापाशी जाऊन उभी राह्यली. झेंडू कळ्यांसकट वाळून कडक झाला होता. मी म्हणलं, "मोटर जळली होती. कालच दुरुस्त करून आणली." ती म्हणाली, "हो." एवढंच. मग पिशवी ठेवली, झाडं एकेक करून उपटली, मुळ्या झटकल्या आन् बांधावर टाकली. त्यानंतर तिनं वाफे मागितले नाहीत. मरेपर्यंत नाहीत.

तेव्हा मला वाटलं, पटलं तिला. मी मोकळा झालो आन् विसरलोही. पण वही हातात आली तेव्हा पहिलं हेच मनात आलं. तिला माहीत होतं का? माहीत असून "हो" म्हणाली असेल, तर एवढी वर्षं माझ्या ताटात भाकरी टाकताना तिच्या मनात काय होतं? ते त्या वहीत असणार. आन् मी वही उलटी धरली की सुलटी, हे मला फुलांच्या चित्रावरून कळत होतं, अक्षरावरून नाही.

मुलगा नांदेडला कामाला होता. त्याला तेलुगू वाचता येत होतं, शाळेत सक्तीचं होतं त्याच्या वेळी. महिन्यानं आला तेव्हा वही माझ्या उशाला दिसली.

"बाबा, द्या इकडं. आईनं काय लिहिलं वाचून दावतो."

"भाजीचं लिहिलं असन."

"भाजीचं असन तर लपवता काऊन?"

"लपवत नाही. झाकून ठेवतो."

सून आत भांडे घासत होती, ती हसली. त्याच दिवशी मी वही ज्वारीच्या कणगीत पुरली. पोराला दिली असती तर एका दुपारी काम झालं असतं, हे मला समजत होतं. पण आईनं बापाबद्दल काय लिहिलं ते पोराच्या तोंडून ऐकायचं, आन् मग हातपाय थकल्यावर त्याच पोराच्या घरी भाकरी खायची? नको.

म्हणून परका माणूस पाहायचं ठरवलं. मुधोळचा नको, तिथं मला कुत्रेही ओळखतात. वही धोतराच्या फडक्यात गुंडाळली, पिशवीत घातली, वरून मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या आन् भैंसा गावावरून निर्मलला गेलो. बसची पाटी वाचायला ती नव्हती. दोनदा चुकीच्या गाडीत चढलो आन् उतरलो.

तिथं कचेरीबाहेर कडुनिंबाखाली अर्ज लिहिणारे बसतात. त्यातला एक म्हातारा निवडला. म्हाताऱ्याला थोडी लाज असते, असं मला वाटलं. त्यानं चष्मा चढवला, एक पान पाह्यलं, दुसरं पाह्यलं, मग माझ्याकडं पाह्यलं.

"ये क्या लाए बाबा? अक्षर तेलुगू के हैं, बात तेलुगू की नहीं."

"तो किसकी है?"

"मेरेकू क्या मालूम. मंतर-वंतर है क्या?"

मंतर? तिनं? तेवढ्यात त्यानं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, साहेबापुढं अर्ज वाचतात तशी, गळा काढून.

"आज हे... भेंडी... पाहून... म्हणले, भेंडी हाय का... लाकूड. म्या म्हणलं... तुमच्या... सारखीच हाय."

मागं आमच्याच भागातले चार-पाच जण जमिनीच्या पहाणीच्या उताऱ्यासाठी उभे होते. ते असे हसले की कचेरीतला शिपाई बाहेर आला. एक जण म्हणाला, "वाचा वाचा, मास्तर! पुढं काय म्हणली?" दुसरा मला म्हणाला, "बुवा, कोन हाय ही? लई तिखट दिसते."

मी वही हिसकली आन् निघालो. मेथी तिथंच राह्यली.

गाडीत बसल्यावर डोक्यात उजेड पडला. ती तेलुगूत लिहितच नव्हती. अक्षरं शाळेची, बोलणं घरचं. आमचंच मराठी तिनं तेलुगू अक्षरात लिहून ठेवलं होतं. ज्याला वाचता येईल त्याला ते समजायचं नाही, आन् मला समजलं असतं तर वाचता येत नव्हतं. भेंडीचं ते बोलणं मला आठवत होतं. भेंडी खरंच जून झाली होती, यात माझं काही चुकलं नव्हतं.

मग मला काय पाहिजे ते नीट कळलं. तेलुगू वाचणारं पण मराठी बिलकूल न समजणारं तोंड. आन् आजूबाजूला एकही मराठी कान नको. आता आमच्याकडं असं माणूस तुम्ही शोधून दाखवा. आमच्याकडच्या तेलुगू लोकांना मराठी येतं, शिव्यांसकट. मी एक युक्ती काढली. माणूस दिसला की त्याला सहज मराठीत म्हणायचं, "तुमच्या सदऱ्याले शेण लागलं." ज्यानं खाली पाह्यलं तो बाद. पोस्टातला बाद. बसचा कंडक्टर बाद. बासरच्या फोटोवाल्यानं तर खाली पाहून मला शिवी दिली, मराठीत. दोन महिने मी असा हिंडलो. मळ्यात गवत वाढलं. वांग्याला कीड लागली. गावातले म्हणायला लागले, म्हातारा येडा झाला, दिसंल त्याला शेण लागलं म्हणते.

मग गावच्या दवाखान्यात नवीन नर्स आली, पार समुद्राकडच्या जिल्ह्यातली. तीस-पस्तिशीची, जाड चष्म्याची, पायात चपला घालून फटफट चालणारी. एका दुपारी भाजी घ्यायला मळ्यातच आली. मी म्हणलं, "बाई, तुमच्या पदराले शेण लागलं."

ती हसली आन् म्हणाली, "वंकाया. आधा किलो."

वंकाया म्हणजे वांगे. मला इतका आनंद झाला की एक किलो दिले.

तिला तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं, माझी बायको गेली, तिची वही आहे, अक्षरं तुमची आहेत, बोलणं आमचं आहे, तू नुसतं वाच. तिला आधी ते खरं वाटेना. मग वही पाहून म्हणाली, "ताता, चित्र कितना अच्छा!" ताता म्हणजे आजोबा. चित्र हा शब्द त्यांच्यातही आहे, हे मला तेव्हा कळलं. ती आठ दिवसांतून एकदा यायची, जांभळाखाली पोत्यावर बसायची आन् वाचायची. मी समोर गवार निवडत बसायचो, म्हणजे हातात गवार धरायचो.

पहिल्या दिवशी काही लागेना. ती शब्द कुठंही तोडायची, दोन शब्द एकत्र करायची. मी मनात जोडत बसायचो. पण दुसऱ्या वेळेपासून कानाला सवय झाली आन् मग ऐकू यायला लागली ती आमचीच. आवाज नर्सचा, बोलणं हिचं.

परदेशी फुलांखाली तिनं आपलं काहीबाही लिहिलं होतं. "हे धोतऱ्याच्या घरचं दिसते. पण तिकडं महादेवाले वाहत नसतील." "याची मुळी कांद्यावानी. खात असतील का?" मग पेरणीचं. "चवळी टाकली. सात दिवसानं उगवली. हे म्हणतात पाच. सात." आन् मधे मधे मी. मी काय म्हणलो, कसा खेकसलो, कोणत्या दिवशी जेवलो नाही. "आज यांनी भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं. मीठ होतं. तंबाखूनं जीभ मेली." माझं सगळं बोलणं एका परक्या बाईच्या तोंडून मला परत ऐकू येत होतं, आन् तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी हसायचो. कधी डोळे पुसायचो.

"ताता, क्या लिखा है?"

"बैंगन का है, अम्मा."

"बैंगन में इतना हसना?"

"हमारा बैंगन वैसाच है."

पण एक गोष्ट मला टोचायला लागली. "वांग्याले राख टाकली. यांना सांगितलं नाही. कीड गेली. हे म्हणले माझ्या औषधानं गेली. हो म्हणलं." चार पानांनी पुन्हा. "गवारीचं बी बदललं. हे म्हणले माझी मेहनत. हो म्हणलं." पुन्हा. "भावाले पत्र टाकलं का इचारलं. टाकलं म्हणले. टाकलं नव्हतं, पत्र खिशात होतं. हो म्हणलं." मी मोजत नव्हतो, पण दर दोन-चार पानांनी ते "हो म्हणलं" यायचं. जे तिला पटायचं नाही त्यालाच ती हो म्हणायची. जे पटायचं त्याला ती काही म्हणायचीच नाही, कामाला लागायची. तिच्यासोबत एवढी वर्षं राहून हे मला माहीत नव्हतं.

मग माझा धीर सुटला. आठ दिवस निघायचे नाहीत. मी काहीतरी निमित्त काढून दवाखान्यात जाऊन बसायचो. छातीत धडधडते म्हणायचो. नर्स नाडी पाहायची आन् म्हणायची, "ताता, तू बीमार नहीं. जा, घर जा." त्यात दुसरी भीती लागली. पावसाळा गेला, थंडी आली, आन् नर्स गावात राहून मराठी शिकायला लागली. "ताता, बसा." "ताता, पाणी द्या." एक दिवस ती आली तेव्हा मी म्हणलं, "बाई, तुमच्या पदराले शेण लागलं."

तिनं खाली पाह्यलं.

मोटरचं पान अजून आलं नव्हतं. आता वही बंद करावी, घरी न्यावी, कणगीत टाकावी, असं मनात आलं. पण ती पोत्यावर बसली होती, चष्मा पुसत होती. आता तिला नको कसं म्हणायचं? आन् नको म्हणलं असतं तर मी पुन्हा कोणाच्या मागं शेण-शेण करत हिंडलो असतो? मी गवार घेतली.

त्या पानावर एक लाल फूल होतं, शेजारी बोंड चिरलेलं. नर्सनं वाचलं.

"निर्मलहून आली. वाफे वाळले. मोटर जळली म्हणले. वांगे हिरवेगार. हो म्हणलं."

नर्स थांबली. मोटर तिकडंही मोटरच. ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "ताता, मोटर जळली. मग वांगे हिरवे कसे?"

एवढी साधी गोष्ट! मोटर जळली असती तर वांगेही वाळले असते. दहा दिवस मी फावडं घेऊन त्याच दंडावर फिरलो आन् खोटं बोलताना हे माझ्या ध्यानात आलं नाही. तिनं वाफ्यापाशी उभं राहून एकदा इकडं पाह्यलं असेल, एकदा तिकडं. झालं.

"नाही जळली," मी म्हणलं. "मी पाणी तोडलं. खोटं बोललो."

हे मी त्या दिवसापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. नर्सला किती समजलं माहीत नाही. ती म्हणाली, "अम्माला माहीत?"

"आत्ता वाचलं ना तू. माहीत होतं."

"पुढं वाचू?"

उठून जावं वाटत होतं. "वाच," मी म्हणलं.

तिनं बोट ठेवून हळूहळू वाचलं. "म्या घरी असती आन् हे गावाले गेले असते, तर म्या वांग्याचं पाणी तोडलं असतं. मोटर जळली म्हणलं असतं. पण म्या दोन वाफे फुलाचेबी वाळू दिले असते. यांना खोटंबी नीट बोलता येत नाही."

नर्सला अर्धंच समजलं असेल, पण तेवढ्यावर ती हसायला लागली. चष्मा काढून हसली. मी हसलो नाही. मला राग आला. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा खरा राग. माझे वांगे! घर ज्यावर चाललं ते माझे वांगे ती वाळवणार होती, देवळाबाहेरच्या फुलांसाठी! मी उठलो, मळ्याला एक चक्कर मारली, दुसरी मारली. भांडायला तोंडावर शब्द आले होते आन् समोर कोणी नव्हतं. विहिरीत डोकावून मोठ्यानं म्हणलं, "वांग्याचं पाणी तोडणार होती का तू? आँ?" विहिरीनं माझंच मला परत दिलं. मागून नर्सनं हाक मारली, "ताता, पडशील!"

त्यापुढं तिनं वर्षातून चार-दोनदाच लिहिलं होतं, म्हणून उरलेली वही दोन महिन्यांत संपली. फुलांचं पुन्हा काही नव्हतं. राग धरल्याचंही नव्हतं. मला माफ केल्याचंही नव्हतं. तिचं चवळीचं, भेंडीचं, माझ्या तोंडाचं चालूच होतं. शेवटी शेवटी अक्षर वाकडं झालं आन् नर्स अडखळायला लागली. दुखण्याबद्दल एक शब्द नाही. शेवटच्या पानावर होतं, "चवळीचं बी हिंगाच्या डब्यात. त्याच्याखाली पुडीत झेंडूचं. यांना सापडायचं नाही. इचारलं तर सांगीन."

त्या वर्षी मी चवळीचं बी बाजारातून आणलं होतं. विचारलं नव्हतं. ती अंथरुणाला होती, मला वाटलं तिला कशाला तकलीफ.

घरी जाऊन डबा काढला. दोन्ही होतं. झेंडूचं बी नवीनच दिसत होतं. मला समजेना, वाफे तर तिनं पुन्हा केलेच नाहीत. मग आठवलं. न्हाणीच्या मागं, सांडपाण्यावर, दरवर्षी झेंडूची दोन झाडं असायची. त्या पाण्याला विहीर लागत नव्हती, मोटर लागत नव्हती, मी लागत नव्हतो. रोज संध्याकाळी मी त्यांच्याजवळच पाय धुवायचो.

पुढच्या थंडीत मी ते बी चार वाफ्यांत लावलं. नर्सला वहीतून शोधून वाचायला सांगितलं, शेंडे कधी खुडायचे, भर कधी द्यायची. नर्स आता मला मराठीत रागवायची. "ताता, असा नाही. अम्मानं लिहिलं, पाच पानं झाल्यावर." फाल्गुनात विहीर पुन्हा तळाला गेली. मी दंडावर उभा राह्यलो. एक दिवस वांग्याला पाणी, एक दिवस फुलांना. दोन्हीला कमी पडत होतं. मी दिवसातून दहा वेळा जाऊन पाहायचो, कोणाचं पान लोळलं. गावातले म्हणाले, म्हाताऱ्याला आता फुलाचं येड लागलं.

आन् एका सकाळी बटन दाबलं तर मोटर घरघरली, धूर आला आन् बंद पडली.

मी बटन पुन्हा दोनदा दाबून पाह्यलं. मग हसू आलं. खरोखर जळली. विहिरीतून वर ओढली, बैलगाडीत टाकून मुधोळला नेली. वाइंडिंगवाल्यानं उघडली, आतली तार काळी कोळसा झालेली. म्हणाला, आठ दिवस लागतील. आठ दिवसांत वांगेही वाळले आन् झेंडूही. घागरीनं पाणी आणून किती आणणार. दोन्ही वाळलं, एकही हिरवं राह्यलं नाही.

मोटर आणायला गेलो तेव्हा मी त्याच्याकडं जुन्या तारेचा एक तुकडा मागितला.

"बुवा, जळकी तार काय करता?"

"दाखवायची हाय."

"कोनाले?"

मी पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले. त्यानं तुकडा तोडून दिला.

मोटर विहिरीत सोडायच्या आधी मी घरी गेलो. वही काढली. लाल फुलाचं ते पान मला आता सापडतं, अक्षर येत नसलं तरी. त्या चिरलेल्या बोंडावर तार ठेवली.

"या वेळी खरंच जळली," मी म्हणलं. "वांगे पाहून ये पाह्यजे तर. एकबी हिरवं नाही."

थोडा वेळ बसलो. मग बसवेना, म्हणून उठलो आन् वाळलेले वाफे उपटायला गेलो.